हायड्रोजन घेऊन परत देणारे रेणू: घरच्या लॅपटॉपवर मेन-ग्रुप कॅटॅलिस्टचा अभ्यास कसा सुरू करायचा

आमच्या कुडाळच्या घरी मागीलदारी अजून एक पत्र्याचा जुना डालड्याचा डबा आहे, त्यात तुळस लावलेली. एमएस्सीला जाईपर्यंत माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं की त्या डब्यातलं वनस्पती तूप म्हणजे पातळ तेलात हायड्रोजन घालून घट्ट केलेला पदार्थ, आणि ते घालायचं काम निकेलच्या बारीक भुकटीवर होतं. निकेलवर असं हायड्रोजनेशन (रेणूत हायड्रोजन घालणं) होतं हे पॉल साबातिए यांनी दाखवलं, १९१२ चं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं (ग्रिन्यार यांच्यासोबत विभागून). पुढे ऱ्होडियम आलं, रुथेनियम आलं, २००१ साली नोल्स आणि नोयोरी यांना हायड्रोजनेशनसाठीच नोबेल मिळालं. पण हे सगळे ट्रान्झिशन मेटल. बोरॉन, फॉस्फरस, सिलिकॉन, जर्मेनियम, ॲल्युमिनियम असल्या मेन ग्रुपच्या अणूंना हे काम जमेल असं बरीच वर्षं कोणी धरलंच नव्हतं.

आता जमतंय, आणि हा विषय कॉम्प्युटरवर शिकायला फार चांगला आहे. आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कॉलेजातली बरीच पोरं मला विचारतात की सर, ग्लोव्ह बॉक्स नाही, आर्गॉन लाईन नाही, आम्ही काय करणार, तर त्यांच्यासाठी हे लिहितोय. बीएस्सी शेवटचं वर्ष किंवा एमएस्सी, साधा लॅपटॉप आणि चिकाटी एवढं धरून चाललोय.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की डोक्यात बसवा, बाकी सगळं तिच्यावरच उभं आहे. हायड्रोजनचा रेणू तोडणं आणि हायड्रोजनेशन करणं ही दोन वेगळी कामं आहेत. कॅटॅलिस्टने हायड्रोजन घ्यायचा आणि तो दुसऱ्या रेणूला देऊन परत मोकळं व्हायचं. नवीन माणूस फक्त घेण्याचं कॅलक्युलेशन करतो, बॅरियर (रिॲक्शनला चढावा लागणारा एनर्जीचा चढ) कमी आलं की खूष होतो, आणि देण्याकडे बघतच नाही. मी पण सुरुवातीला हेच केलं होतं.

इतिहासातच बघा ना. २००५ मध्ये फिलिप पॉवर यांच्या गटाने दाखवलं की जर्मेनियम-जर्मेनियम मल्टिपल बाँड असलेला एक रेणू साध्या तापमानाला आणि साध्या दाबाला हायड्रोजन घेतो. घेतला, पण परत काही दिला नाही. २००७ मध्ये गाय बर्ट्रांड यांच्या कार्बीननेही हायड्रोजन तोडला, तिथेही कार्बनवर दोन हायड्रोजन बसले ते बसलेच. पण त्याच्या आधी, २००६ साली डग्लस स्टीफन यांच्या गटाने एक रेणू दिला ज्यात फॉस्फरस आणि बोरॉन एकाच सांगाड्यावर आहेत पण दोघांवर एवढे दांडगे ग्रुप आहेत की ते एकमेकांना धरू शकत नाहीत. हा रेणू साध्या तापमानाला हायड्रोजन घेतो आणि १०० अंशाच्या वर तापवला की परत सोडतो. म्हणून पुढच्याच वर्षी त्या जातीच्या रेणूंनी इमिनचं (कार्बन-नायट्रोजन डबल बाँड असलेल्या रेणूचं) हायड्रोजनेशन करून दाखवलं. याला फ्रस्ट्रेटेड लुईस पेअर म्हणतात, आपण पुढे एफएलपी म्हणू.

आणि गंमत म्हणजे ट्राय-टर्ट-ब्यूटिल फॉस्फीन आणि ट्रिस-पेंटाफ्लुरोफिनाइल बोरेन ही सगळ्यात प्रसिद्ध जोडी हायड्रोजन झटक्यात घेते पण तापवूनही सोडत नाही. म्हणजे नाव मोठं आहे, तरी एकट्या त्या जोडीचं चक्र फिरत नाही.

आधी रसायन, मग लॅपटॉप

हायड्रोजनचा बाँड १०४ किलोकॅलरी प्रति मोलचा आहे, चांगलाच मजबूत. तो तोडायला दोन गोष्टी एकदम लागतात: एक रिकामी ऑर्बिटल, जी हायड्रोजनच्या बाँडमधले इलेक्ट्रॉन ओढेल, आणि एक भरलेली जोडी, जी हायड्रोजनच्या अँटिबाँडिंग ऑर्बिटलमध्ये इलेक्ट्रॉन ढकलेल. ट्रान्झिशन मेटलकडे डी ऑर्बिटलमुळे दोन्ही जवळजवळ असतात. मेन ग्रुपच्या साध्या रेणूत भरलेलं आणि रिकामं यांच्यात फार अंतर असतं. म्हणून आपल्याला असे रेणू लागतात जे थोडे 'अस्वस्थ' आहेत. एफएलपीमध्ये भरलेली जोडी फॉस्फरस किंवा नायट्रोजनवर, रिकामी जागा बोरॉनवर. सिलिलीन, जर्मिलीन (दोनच बाँड असलेले सिलिकॉन, जर्मेनियमचे रेणू) यांच्यात दोन्ही एकाच अणूवर. २०१२ मध्ये आलेल्या एका साखळीतल्या, म्हणजे रिंग नसलेल्या, दोन-कोऑर्डिनेट सिलिलीनने साध्या तापमानाला हायड्रोजन घेतला तो याच कारणाने.

पण एकाच अणूवर दोन्ही असलं की सिलिकॉन दोनवरून चार ऑक्सिडेशन स्टेटला जातो आणि तिथे त्याला फार बरं वाटतं, परत यायला तो तयार नसतो. जर्मेनियम, टिनकडे खाली उतरत गेलात की परत येणं सोपं होत जातं पण घेणं अवघड होतं. हा तोल शोधणं हेच आपलं संशोधन आहे, आणि लॅबमध्ये एक-एक रेणू बनवायला महिने जातात तिथे कॉम्प्युटरवर ग्रुप बदलून बघायला काही दिवस लागतात.

सामान

ओर्का हे रेणूंचे आकार आणि एनर्जी काढणारं प्रोग्रॅम पॅकेज शैक्षणिक वापरासाठी फुकट आहे, नोंदणी करून उतरवून घ्या. रेणू काढायला ॲव्होगॅड्रो, तोही फुकट. एक्सटीबी आणि क्रेस्ट हे ग्रिमे यांच्या गटाचे प्रोग्रॅम, झटपट अंदाजासाठी आणि रेणूचे वेगवेगळे आकार शोधायला. लिनक्स असेल तर उत्तम, विंडोजमध्येही डब्ल्यूएसएल टाकून चालतं. ४ कोअर आणि १६ जीबी रॅम असली तर शिकण्यापुरतं पुष्कळ झालं. पुढे मोठं काम निघालं तर पुण्यातल्या एखाद्या संस्थेतल्या क्लस्टरवर वेळ मिळतो का ते आपल्या गाईडला विचारा, तिथे नॅशनल सुपरकॉम्प्युटिंग मिशनखालच्या परम मशीन आहेत.

आणि आपल्याकडचं खास सांगायचं तर लाईट. जूनपासून सप्टेंबरपर्यंत रात्री वारा सुटला, माडाचं झावळं तारेवर पडलं की गेली लाईट, आणि १४ तास चाललेलं कॅलक्युलेशन गेलं असं वाटतं. घाबरू नका, ऑप्टिमायझेशन (रेणूचा सगळ्यात कमी एनर्जीचा आकार शोधणं) करताना ओर्का प्रत्येक पायरीचा आकार एक्सवायझेड फाईलमध्ये आणि ऑर्बिटल जीबीडब्ल्यू फाईलमध्ये लिहीत असतो, शेवटचा आकार घेऊन तिथूनच पुढे सुरू करता येतं. फ्रिक्वेन्सीचं (रेणूच्या कंपनांचं) काम मात्र मध्येच तुटलं तर त्रास होतो, ते शक्यतो दिवसा आणि इन्व्हर्टर भरलेला असताना लावा. माझी आई अजून विचारते, "रे बाबा, ता मशीन रातभर कित्याक चालू ठेवतस?"

पहिला आठवडा: माहीत असलेली उत्तरं परत काढा

नवीन रेणूला हात लावायचा नाही. पहिला रेणू नुसता हायड्रोजन. ऑप्टिमाईझ करा, लांबी ०.७४ अँगस्ट्रॉमच्या आसपास आली पाहिजे, आणि फ्रिक्वेन्सी ४४०० प्रति सेंटिमीटरच्या आसपास. पुस्तकात ४१६१ दिसेल आणि तुम्ही गोंधळाल. कॅलक्युलेशन स्प्रिंगसारखं साधं कंपन धरतं आणि खरा बाँड ताणला की सैल होतो, म्हणून हा फरक, तुमचं काही चुकलेलं नाही.

दुसरा रेणू अमोनिया-बोरेन. बोरॉन-नायट्रोजन अंतर सुमारे १.६६ अँगस्ट्रॉम यायला हवं, कारण वायू अवस्थेत मोजलेलं तेवढंच आहे. घन स्फटिकात हेच अंतर १.६ च्या खाली जातं, शेजारच्या रेणूंच्या परिणामाने. म्हणजे स्फटिकाच्या आकड्याशी आपला एकट्या रेणूचा आकडा जुळला नाही तर लगेच मेथडला दोष द्यायचा नाही, हे इथेच शिकून घ्या.

तिसरा प्रयोग फार शिकवून जातो. ट्राय-मिथाइल फॉस्फीन आणि बोरेन जवळ ठेवून ऑप्टिमाईझ करा, दोघं चिकटतील. आता फॉस्फरसवर टर्ट-ब्यूटिल आणि बोरॉनवर पेंटाफ्लुरोफिनाइल लावा, चिकटणार नाहीत, नुसते एकमेकांसमोर उभे राहतील. लहान ग्रुप लावून 'मॉडेल' करायची सवय बऱ्याच जणांना असते कारण वेळ वाचतो, पण या विषयात ग्रुप छाटले की रसायनच बदलतं. इथे दांडगेपणा हाच गुण आहे.

मेथड कुठली घ्यायची

यावर लोक तासन्‌तास भांडतात, मी माझं सांगतो. आकार काढायला आर-टू-स्कॅन-थ्री-सी, लॅपटॉपवर झेपतं आणि भरवशाचं आहे. मग त्याच आकारावर एनर्जीसाठी एक वरच्या दर्जाचं सिंगल पॉइंट: पीबीई-झिरो किंवा ओमेगा-बी-९७-एक्स जातीचं फंक्शनल (डीएफटी, म्हणजे डेन्सिटी फंक्शनल थिअरीतलं एनर्जीचं सूत्र), डेफ-टू-टीझेडव्हीपी बेसिस सेट (ऑर्बिटल ज्यांतून बांधायच्या ती फंक्शन). जुन्या पेपरात नुसतं बीथ्रीएलवायपी दिसेल, ते डी-थ्री करेक्शनशिवाय या कामाला घेऊ नका. एफएलपीचे दोन तुकडे जवळ राहतात ते बरंचसं लांबूनच्या हलक्या आकर्षणाने, ज्याला डिस्पर्शन म्हणतात, आणि साधं बीथ्रीएलवायपी ते धरतच नाही. मी एकदा ते करेक्शन लिहायचं विसरलो आणि जोडी दर पायरीला लांब लांब जात राहिली, मी आठवडाभर सुरुवातीचा आकारच चुकला म्हणून तो बदलत बसलो.

शेवटी दोन-तीन महत्त्वाच्या जागांवर डीएलपीएनओ-सीसीएसडी-टी (डीएफटीपेक्षा जड पण जास्त अचूक मेथड) करून फंक्शनल किती चुकतंय ते पडताळा. टिन किंवा लेड असेल तर डेफ-टू बेसिस सेटबरोबर इफेक्टिव्ह कोअर पोटेन्शियल येतं, आतले इलेक्ट्रॉन त्यात धरलेले असतात. जर्मेनियमपर्यंत सगळे इलेक्ट्रॉन मोजले जातात.

सिलिलीन-जर्मिलीन किंवा सिलिकॉनचा डबल बाँड असलेले रेणू घेतलेत तर एक जास्तीचं काम आहे: सिंगलेट (सगळे इलेक्ट्रॉन जोडीने) आणि ट्रिपलेट (दोन इलेक्ट्रॉन सुटे) दोन्ही काढा आणि फरक बघा. फरक फारच कमी असेल तर वेव्हफंक्शनची स्टॅबिलिटी तपासा, कारण तो रेणू डायरॅडिकलकडे झुकलेला असू शकतो आणि मग साध्या डीएफटीचा आकडा छान दिसतो पण खोटा असतो.

सॉल्व्हंट पहिल्यापासून लावा. एफएलपीने हायड्रोजन तोडला की एकीकडे प्लस, एकीकडे मायनस तयार होतो, आणि वायू अवस्थेत अशा जोडीला आधारच नसतो, काही वेळा ऑप्टिमाईझ करता करता हायड्रोजन परत जुळून बाहेर पडतो. टोल्यूइनचं सॉल्व्हंट मॉडेल लावलं तरी बराच फरक पडतो.

ट्रान्झिशन स्टेट म्हणजे आपली घाटातली खिंड

हे कोकणातल्या माणसाला शिकवायला मला कधीच अवघड गेलं नाही. सह्याद्री ओलांडायचा तर आपण डोंगराच्या शेंड्यावरून जात नाही, खिंड शोधतो. खिंडीत उभं राहिलात तर डावी-उजवीकडे डोंगर चढत जातो आणि पुढे-मागे रस्ता उतरतो. ट्रान्झिशन स्टेट हुबेहूब तसाच, बाकी सगळ्या दिशांनी चढ, फक्त एका दिशेने उतार. ती एक दिशा म्हणजे फ्रिक्वेन्सीच्या यादीतला एकच मायनस आकडा. दोन मायनस आले तर तुम्ही खिंडीत नाही, एकही नाही आला तर दरीत बसलाय.

आणि अजून एक. सावंतवाडीहून आंबोली चढताना गाडीचा दम निघतो, पण वर पोचलं की आजऱ्याकडे तेवढा उतार नाहीच, देश मुळातच उंचावर आहे. घाट तोच, पण आपल्या बाजूने मोठा आणि त्यांच्या बाजूने छोटा. रिॲक्शनचं पण असंच: हायड्रोजन घेतलेला रेणू फार खाली, म्हणजे कोकणात, जाऊन बसला असेल तर घेताना उतार सोपा आणि परत देताना अख्खा घाट समोर. म्हणून बॅरियर नेहमी दोन्ही बाजूंनी मोजा.

शोधायचं कसं, तर सुरुवातीचा आणि शेवटचा आकार दोन्ही नीट ऑप्टिमाईझ करून ओर्कामधलं एनईबी-टीएस लावा, ते दोन्हींच्या मध्ये मण्यांच्या माळेसारखे आकार ओवतं आणि सगळ्यात वरच्या मण्यापासून खिंड शोधतं. अट एकच, दोन्ही फाईलमध्ये अणूंचा क्रम तोच हवा, नाहीतर तुमचे मिथाइलचे हायड्रोजन आपापसात जागा बदलत हिंडतील. आधी हे एक्सटीबीवर करून घ्या, तासाभरात कल्पना येते.

मायनस आकडा मिळाला म्हणून लगेच नाचू नका. ॲव्होगॅड्रोत ते कंपन हलताना बघा. माझ्या पहिल्या 'यशस्वी' ट्रान्झिशन स्टेटचा आकडा मायनस ४२ होता आणि हलवून बघितलं तर फक्त टर्ट-ब्यूटिलचा एक मिथाइल गोल फिरत होता, हायड्रोजन बिचारा तसाच. खऱ्या ट्रान्झिशन स्टेटमध्ये हायड्रोजनचे दोन अणू एक बोरॉनकडे आणि एक फॉस्फरसकडे जाताना दिसायला हवेत. आणि एफएलपीमध्ये तिथे हायड्रोजनचा बाँड फार ताणलेला नसतो बरं का, ०.८ अँगस्ट्रॉमच्या आसपास असतो, तो बघून चुकलं असं समजू नका. मग आयआरसी लावून दोन्हीकडे उतरून बघा की आपण खरंच हव्या त्या गावात पोचतोय.

आकड्यांचा हिशोब

इथे सगळ्यात जास्त चुका होतात म्हणून जरा रेंगाळतो. ओर्का एनर्जी हार्ट्रीमध्ये देतो, १ हार्ट्री म्हणजे ६२७.५ किलोकॅलरी. म्हणजे तिसऱ्या दशांश स्थळाचा एक आकडा सुद्धा ०.६ किलोकॅलरी आहे, तेव्हा राऊंड करायचं ते अगदी शेवटी.

नुसत्या इलेक्ट्रॉनिक एनर्जीवर विश्वास ठेवू नका, गिब्ज फ्री एनर्जी लागते. मोकळा फिरणारा हायड्रोजन पकडला की त्याचं स्वातंत्र्य जातं, आणि २९८ केल्व्हिनला त्याच्या एन्ट्रॉपीची किंमत ९.३ किलोकॅलरी आहे. इलेक्ट्रॉनिक एनर्जीत उणे १० दिसणारी पायरी फ्री एनर्जीत जेमतेम शून्यावर येते ती यामुळे. शिवाय प्रोग्रॅम १ ॲटमॉस्फिअर दाबाचा वायू धरतो आणि आपली रिॲक्शन द्रावणात १ मोलरला, म्हणून दोन रेणूंचा एक होणाऱ्या प्रत्येक पायरीत १.८९ किलोकॅलरी वजा करायचे.

आता बॅरियर किती चालेल? आयरिंगच्या, म्हणजे बॅरियरवरून वेग काढणाऱ्या, समीकरणात घालून बघा. साध्या तापमानाला २० किलोकॅलरीचं बॅरियर असेल तर अर्धं काम मिनिटाच्या आत होतं. २५ असेल तर जवळजवळ पावणेतीन दिवस. ३० असेल तर ३५ वर्षांच्या आसपास. फरक फक्त पाच-पाचचा! १.३६ किलोकॅलरीला वेग दहापट बदलतो आणि चांगलं डीएफटी २-३ किलोकॅलरी सहज चुकतं, तेव्हा "माझा कॅटॅलिस्ट तुमच्यापेक्षा १ किलोकॅलरीने चांगला" असं लिहू नका. एकाच मेथडने पाच-सहा रेणू काढा आणि कल कुठे जातोय ते सांगा, तो भरवशाचा असतो.

अख्खं चक्र

समजा इमिनचं हायड्रोजनेशन. पायऱ्या अशा: एफएलपी हायड्रोजन तोडतो, फॉस्फरसवरचा प्रोटॉन इमिनच्या नायट्रोजनवर जातो, मग बोरॉनवरचा हायड्राइड इमिनच्या कार्बनवर, अमिन तयार होतं आणि सुटतं. बऱ्याचदा इमिन स्वतःच बेसचं काम करतं आणि फॉस्फीन लागतच नाही, तोही मार्ग काढा.

चक्र पूर्ण झालं की सगळ्यात उंच ट्रान्झिशन स्टेट आणि सगळ्यात खोल खड्डा यांच्यातलं अंतर बघायचं, कोझुच आणि शैक यांचं एनर्जेटिक स्पॅन मॉडेल. ट्रान्झिशन स्टेट खड्ड्याच्या नंतर येत असेल तर सरळ वजाबाकी, आधी येत असेल तर त्यात पूर्ण रिॲक्शनची फ्री एनर्जी मिळवायची. आपण प्रत्येक पायरीचं बॅरियर सुटं सुटं बघतो आणि "सगळी २० च्या खाली" म्हणतो, पण खड्डा पहिल्या पायरीत आणि शिखर तिसऱ्या पायरीत असलं तर खरा चढ तिसापर्यंत गेलेला असतो.

मग चक्राच्या बाहेरच्या वाटा. तयार झालेलं अमिन बोरॉनला चिकटून बसतंय का? इमिनच चिकटतंय का? आणि पाणी? आपल्या पावसाळी हवेत बोरेनचा डबा उघडायची पण भीती वाटते, पाण्याचा रेणू बोरॉनवर बसला की तेच एक कडक आम्ल होतं आणि आपल्या बेसला प्रोटॉन देऊन टाकतं. ही तीन ॲडक्ट (दोन रेणू चिकटून झालेले) काढायला एक-दोन रात्री लागतात. यातलं एखादं तुमच्या मोकळ्या कॅटॅलिस्टपेक्षा १५ किलोकॅलरीने खाली आलं तर तो रेणू लॅबमध्ये काम करणार नाही, वर काढलेलं चक्र कितीही सुंदर असो. अशा वेळी बोरॉनवर थोडे कमी फ्लोरिन लावून बघा, आम्लपणा उतरतो, चिकटणं कमी होतं, आणि हायड्राइड सोडायला पण बोरॉन जास्त तयार होतो, फक्त मग हायड्रोजन तोडण्याचं बॅरियर परत मोजायचं.

लॅबवाल्यांकडे जाताना हे सगळं एका कागदावर न्या: चक्राचं चित्र, प्रत्येक जागेची फ्री एनर्जी, खड्डा आणि शिखर कुठे ते गोल करून, तिन्ही ॲडक्टचे आकडे, आणि पेन ड्राइव्हवर सगळ्या एक्सवायझेड फाईल. कुठली मेथड, कुठला बेसिस सेट, कुठला सॉल्व्हंट, किती तापमान हे फाईलच्या नावातच लिहून ठेवत जा, सहा महिन्यांनी 'फायनल-टू-नवीन' नावाच्या फाईलमध्ये काय होतं ते तुम्हालाच आठवत नाही.